प्रश्न दहावा

उलानबातर. संध्याकाळचे सहा, बाहेर उणे एकतीस.
टायरच्या दुकानावरची खोली, सहा बाकं,
धुरानं पिवळी पडलेली खिडकी.
परदेशी जाऊ पाहणाऱ्या नऊ जणांना
मी शिकवते, दुसऱ्याचा युक्तिवाद कमकुवत कसा करायचा.

आधी निष्कर्ष शोधा.
तो नेहमी शेवटीच सापडेल असं नाही.
कधी पहिल्या ओळीत यजमानासारखा ऐसपैस बसतो,
कधी मधेच, एखाद्या ‘म्हणून’च्या मागे अंग चोरून.
मग त्याला खांदा देणारी विधानं बघा.
त्यांना खोटं पाडायला जाऊ नका.
मेंढ्या मेल्या असं छापलंय ना? मेल्या.
आपलं भांडण छापलेल्याशी नाही,
दोन ओळींच्या मधे
जे लिहायचं राहिलं, किंवा मुद्दाम ठेवलं, त्याच्याशी आहे.

मी फळ्यावर बाण काढते. इथून तिथे.
बाणाचं टोक नको, शेपूट नको. दांडी धरा.

ओदोन्चिमेग विचारते, सगळंच पाडायचं का, बाई?
नाही गं. लोकरी तंबूचा एकच दोर सैल करायचा.
तंबू उभा राहिला तरी चालेल,
आत झोपणाऱ्याला वारा ऐकू यावा, इतकंच.

पर्याय पाच असतात.
एक नुसताच मोठ्यानं बोलतो.
एक भलत्याच गावची बातमी आणतो, खरी असते, उपयोगाची नसते.
एक तर साळसूदपणे निष्कर्षालाच टेकू देतो,
घाईतली मुलं हमखास त्याच्यावर खूण करतात.

नऊ प्रश्न पुस्तकातले झाले.
दहावा तुमचा तुम्ही आणा, मी म्हटलं होतं.

शेवटच्या बाकावरून गानखुयाग उठला.
दिवसभर खाली टायर बदलतो, बोटांना रबराचा वास.
त्यानं वाचलं:
‘थोरला मुलगा शिकायला शहरात गेला.
त्याच हिवाळ्यात कळप मेला, सगळा.
म्हणजे तो गेला, म्हणून कळप गेला.’

वर्ग तुटून पडला. सोपा होता.
कावळा बसला आणि फांदी मोडली!
उन्हाळ्यात गवत उगवलं होतं का?
नव्हतं.
बर्फावर पुन्हा बर्फाची कातडी धरली होती का,
खुरांनी फुटेना अशी?
हो. मार्चपर्यंत.
आणि शेजारी? ज्यांचे मुलगे गेले नाहीत?
तो जरा थांबला.
दशदोर्जचे चारही मुलगे घरीच होते.
वसंतात त्याच्या दारात एक घोडी उरली.

टाळ्या. असाच पर्याय शोधायचा असतो:
कारण जागेवर नाही, परिणाम मात्र तोच.
मी पाठ थोपटली असेन. मला आठवत नाही.

मग हे वडिलांना सांग की, ओदोन्चिमेग म्हणाली.

वडील असं म्हणत नाहीत, तो म्हणाला.
ते रविवारी फोन करतात, जेवलास का विचारतात.
युक्तिवाद माझा आहे.

शेगडीत कोळसा खाली बसला.
अकरा वर्षं शिकवतेय मी हे.
एका प्रश्नाला दोन मिनिटं,
नाही सुटला तर अंदाजानं खूण करा आणि पुढे चला.
मी डस्टर घेतलं. बाण पुसला.
दिव्याच्या तिरप्या उजेडात दांडी दिसतच राहिली.

सगळे गेल्यावर, जिन्यात, टोपीचे कान खाली ओढत
त्यानं विचारलं,
बाई, त्याची एक तरी वाचली.
आमची एकही नाही.
ती एक
त्या चौघांमुळेच वाचली नसेल कशावरून?

खरं तर हा मजबुतीचा प्रश्न.
तो पुढच्या प्रकरणात येतो.

कुलूप गोठलं होतं. किल्ली तळहातात धरून ऊब देत
मी उभी राहिले,
तोही राहिला.